गोळी, ग्लास आणि फोनवरचे प्रश्न

एच.आय.व्ही.ची गोळी घेणाऱ्या माणसाला डॉक्टर विचारतात, ‘‘दारू घेता का?’’ उत्तर बहुधा ठरलेलंच असतं, ‘‘नाही डॉक्टर, कधीच सोडली!’’ शेजारी बायको बसलेली असते, मागे रांग असते आणि समोर केसपेपर असतो. अशा वेळी खरं कोण सांगणार? पण खरं कळलंच नाही, तर डॉक्टरांनी सल्ला तरी कसा द्यायचा?

भारतात एच.आय.व्ही.चे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत आढळले. त्या काळी या रोगाचं नाव काढलं तरी घर हादरत असे. आज चित्र पार बदललं आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून लागण झालेल्या प्रत्येकाला लगेच उपचार सुरू करण्याचं धोरण आलं. गोळी नियमित घेतली, तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडतही नाही. ही स्थिती टिकवणाऱ्या माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. अट एकच, गोळी रोज घ्यायची.

दारू नेमकी इथंच आडवी येते. नशेत गोळी विसरते, हे तर उघड आहे. पण कित्येक जण न विसरताही गोळी टाळतात. ‘आज घेतली आहे, वर औषध घेतलं तर विष होईल’ अशी त्यांची समजूत असते. संशोधकांना ही समजूत अनेक देशांत आढळली आहे. सध्या सरकारी केंद्रांत बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्र गोळी मिळते. तिचं दारूशी असं वैर नाही. दारू वाईटच, यकृताला, क्षयाच्या रुग्णाला आणि कावीळ ‘बी’ किंवा ‘सी’ असलेल्याला तर फारच वाईट. पण प्यायलेल्या दिवशी गोळी चुकवणं म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक!

खरं उत्तर कसं मिळवायचं?

जागतिक आरोग्य संघटनेनं त्यासाठी ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची यादी तयार केली आहे. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सकाळी उठल्यावर लागते का, असे ते साधे प्रश्न. एकूण गुण ४०. आठ किंवा जास्त गुण आले की धोक्याची घंटा समजायची. रक्ताची एक तपासणीही आहे. दारू प्यायल्यावरच रक्तात ‘पेथ’ नावाचा पदार्थ तयार होतो आणि मागच्या दोनतीन आठवड्यांतलं पिणं उघड करतो. युगांडातल्या एम्बारारा इथल्या अभ्यासात ‘आम्ही पीत नाही’ म्हणणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातही तो सापडला.

माणूस माणसासमोर लाजतो, यंत्रासमोर कमी लाजतो. अमेरिकेत १५ ते १९ वर्षांच्या मुलांना कानात हेडफोन देऊन संगणकावर प्रश्न विचारले, तेव्हा लैंगिक वर्तन आणि नशा यांबद्दल त्यांनी कागदी फॉर्मपेक्षा कितीतरी जास्त कबुली दिली. हा अभ्यास १९९८ चा. आता संगणकाची जागा खिशातल्या फोननं घेतली आहे. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत दवाखान्यात जाणं अवघड झालं, तेव्हा असं बरंच संशोधन फोन आणि व्हिडिओवर आलं. रुग्ण घरबसल्या प्रश्नांची उत्तरं देतो, समुपदेशकाशी बोलतो. काही अभ्यासांत तर बोटाला टोचून रक्ताचे थेंब कार्डावर वाळवून टपालानं पाठवतो. लांबच्या गावच्या माणसाची बसभाडं आणि बुडणारी मजुरी वाचते.

घरातला फोन कुणाचा?

पण या सोयीला दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे एकच फोन कधी कधी मुलं, सून, दीर, सगळेच हाताळतात. ‘तुमची गोळी घेतली का?’ एवढा एक संदेश पडद्यावर झळकला, तरी वर्षानुवर्षं जपलेलं गुपित फुटतं. मानधनासाठी खोटी नावं देऊन चार वेळा फॉर्म भरणारेही असतात, त्यामुळे निष्कर्ष चुकतात. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ते तर मोजणीतून सुटतातच. शिवाय पट्टीचा पिणारा एकाएकी दारू सोडतो तेव्हा त्याला थरथर किंवा झटके येऊ शकतात. ते पडद्यापलीकडच्या संशोधकाला कसं दिसणार? म्हणून जवळच्या डॉक्टरशी आधीच जोडून न देणारा अभ्यास अपुराच म्हणायचा.

होकार देण्यापूर्वी

असं निमंत्रण आलं तर घाई करू नये. अभ्यासाला नीतिमत्ता समितीची मान्यता आहे का? उपचारांची चाचणी असेल, तर ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’चा नोंदणी क्रमांक आहे का? संमतिपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत आहे का? उत्तरं कोण पाहणार, संदेशात रोगाचं नाव येणार का, हे विचारावं. मध्येच बाहेर पडलं, तरी उपचार बंद होता कामा नयेत. ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागणाऱ्याला सरळ नकार द्यावा. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एच.आय.व्ही. कायद्यानुसार, माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय लागण झालेल्या कुणालाही संशोधनात ओढता येत नाही.

दारूच्या सवयीवर बोलण्यानं फरक पडतो, हे गोव्यात दिसून आलं आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलणं केलं. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपेक्षा या पुरुषांपैकी जास्त जणांची दारू सुटली होती.

घरच्यांनी एवढं जरूर करावं. ‘पुन्हा प्यायलास?’ असा जाब विचारण्याआधी ‘आजची गोळी घेतलीस ना?’ असं विचारावं. दारू सोडवण्यासाठी १४४४६ आणि एच.आय.व्ही.विषयी माहितीसाठी १०९७ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. ज्या घरात खरं सांगितल्यावर शिव्या मिळत नाहीत, तिथला रुग्ण डॉक्टरांनाही खरंच सांगतो. मग प्रश्न फोनवर विचारला काय आणि समोर विचारला काय!