पीटीचा तास कुणी खाल्ला?

लेक नववीत आहे. परवा सहज विचारलं, "आज पीटीला काय खेळलात?" म्हणाली, "बाबा, पीटीला गणित झालं. पोर्शन राहिलाय ना!" आठवड्यात तास दोनच, तेही असे गिळायचे?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दमवणारी हालचाल हवी. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढी हलत नाहीत. मुली तर ८५ टक्के.

खापर फोडायला मोबाईल आहेच. पण अहो, सकाळपासून पाच-सहा तास बाकावर कोण बसवतं? मधली सुट्टी डब्यात संपते आणि मैदानात स्कूलबस उभ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. ते खेळायला, पार्किंगला नव्हे!

येत्या पालकसभेत मी मार्कांबद्दल अवाक्षर काढणार नाही. एकच विचारणार, पीटीचा तास परत कधी देताय? तुम्हीही विचारा. एकट्याने विचारलं की 'कटकट्या पालक' म्हणतात. चाळीस जणांनी विचारलं तर वेळापत्रक बदलावंच लागेल.