ग्रहांचं बारसं

मराठी पंचांगात डोकावलंत, तर मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी या ओळखीच्या नावांच्या जोडीला ‘हर्षल’ हे नावही दिसेल. शब्द अगदी संस्कृत वाटतो ना? प्रत्यक्षात ते एका परदेशी माणसाचं आडनाव आहे! इंग्रजी पुस्तकांत हाच ग्रह ‘युरेनस’ म्हणून भेटतो. एका ग्रहाला अशी दोन नावं का, हे समजून घ्यायचं तर ग्रहांच्या बारशाची कथाच पाहायला हवी.

नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारे ग्रह पाच. बॅबिलोनच्या लोकांनी त्यांचं नातं आपल्या देवांशी जोडलं. ग्रीकांनी ती कल्पना उचलून तिथे स्वतःचे देव बसवले आणि रोमन लोकांनी त्यांच्या जागी आपले. तीच नावं आज इंग्रजीत आहेत. भराभर जागा बदलणारा बुध म्हणजे देवांचा निरोप्या मर्क्युरी. लालसर मंगळ म्हणजे युद्धाचा देव मार्स. तेजस्वी शुक्र म्हणजे सौंदर्यदेवता व्हीनस. आपल्याकडे मात्र शुक्राचार्य हे असुरांचे गुरू! गुरू हा देवांचा राजा ज्युपिटर आणि शनी त्याचा बाप सॅटर्न. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणूनच आपल्याकडे तो ‘शनैश्चर’, म्हणजे सावकाश चालणारा.

हजारो वर्षं ही यादी पाचांवरच थांबली होती. १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधल्या बाथ या गावी विल्यम हर्शेल या मूळच्या जर्मन संगीतकाराला, स्वतः तयार केलेल्या दुर्बिणीतून एक अनोळखी ठिपका दिसला. आधी त्याला तो धूमकेतू वाटला, पण निघाला नवा ग्रह! इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज यानं हर्शेलला वर्षाला २०० पौंडांचं मानधन दिलं. हर्शेलनंही उपकाराची जाण ठेवून ग्रहाचं नाव सुचवलं ‘जॉर्जियम सायडस’, म्हणजे जॉर्जचा तारा.

इंग्रज राजाचं नाव आकाशात झळकावं, हे युरोपातल्या इतरांना कसं रुचणार? फ्रान्सच्या लालांदनं शोधकर्त्याचंच, म्हणजे हर्शेलचं नाव पुढे केलं. जर्मनीच्या योहान बोडेनं मात्र घराणंच मांडलं. ज्युपिटरचा बाप सॅटर्न, मग पलीकडचा ग्रह सॅटर्नचा बाप युरेनस! खरं तर हा आकाशदेव ग्रीकांचा, रोमन नव्हे. पण नाव पटलं. १७८९ मध्ये सापडलेल्या युरेनियम या मूलद्रव्यालाही या ग्रहावरूनच नाव मिळालं. इंग्रजांच्या सरकारी नाविक पंचांगात मात्र राजाचं नाव १८५० पर्यंत टिकून होतं. मराठी पंचांगात राजा कधी आलाच नाही. तिथे हर्शेलचा ‘हर्षल’ झाला आणि कायमचा रुजला.

२३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत आणखी एक ग्रह सापडला. त्याची जागा फ्रान्सच्या ल व्हेरिएनं गणितानं आधीच सांगितली होती. पुढे ग्रहाला आपलंच नाव मिळावं, असं त्याला वाटू लागलं, पण फ्रान्सबाहेर ते कुणी मानलं नाही. समुद्राचा रोमन देव नेपच्यून याचंच नाव कायम झालं. आपण त्याला वरुणही म्हणतो.

राजाला आणि शास्त्रज्ञाला जे साधलं नाही, ते एका शाळकरी मुलीनं करून दाखवलं. १९३० मध्ये अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ यानं नवा ग्रह शोधल्याची बातमी ऑक्सफर्डमध्ये एका आजोबांनी न्याहारीच्या वेळी वाचून दाखवली. त्यांची अकरा वर्षांची नात व्हेनेशिया बर्नी चटकन म्हणाली, ‘प्लूटो’ ठेवावं. प्लूटो हा पाताळाचा देव. दूरच्या, अंधारातल्या ग्रहाला शोभेल असाच. आजोबांनी ही सूचना एका ज्योतिर्विदांना सांगितली आणि त्यांनी ती तारेनं अमेरिकेला कळवली. शिवाय इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली दोन अक्षरं, पी आणि एल, ही वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल यांची आद्याक्षरं. नाव मंजूर झालं आणि आजोबांनी नातीला पाच पौंड बक्षीस दिले.

२००६ मध्ये प्लूटोचं ग्रहपद गेलं. आता तो ‘बटुग्रह’ म्हणवतो. पण त्याचं नाव कुणी काढून घेतलेलं नाही. घरात अकरा-बारा वर्षांचं कुणी असेल, तर व्हेनेशियाची ही गोष्ट त्याला जरूर सांगा.