हौसेची वेठबिगारी

ऑक्टोबर २०२५मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या नामांकित बेसबॉल संघाने टोनी व्हिटेलो यांना व्यवस्थापक नेमले आणि अमेरिकेतल्या भल्याभल्यांच्या भुवया उंचावल्या. हा माणूस व्यावसायिक बेसबॉल एक दिवसही खेळलेला नाही की तिथे कधी प्रशिक्षक म्हणून राबलेला नव्हता. मिझुरी विद्यापीठाच्या संघातून खेळला आणि २००३पासून तिथेच सहायक प्रशिक्षक झाला. पुढे टेक्सास ख्रिश्चन आणि आर्कान्सा इथेही सहायकच. मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची मिळाली २०१७मध्ये, टेनेसी विद्यापीठात. २०२४मध्ये त्याने टेनेसीला बेसबॉलचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. मॅक्स शर्झरसारखा पिचर मिझुरीत त्याच्याच नजरेखाली तयार झाला होता.

या कौतुकात एक गोष्ट झाकली जाऊ नये. महाविद्यालयीन खेळ संपल्यावर प्रशिक्षणाकडे वळणाऱ्या बहुतेक पोरांची वाट अशी उजळत नाही. व्यावसायिक संघांची वार्षिक निवड पूर्वी चाळीस फेऱ्यांची असे, २०२१पासून ती वीसच फेऱ्यांची आहे. म्हणजे वर्षाला जेमतेम सहाशे जागा, आणि त्यांतही शाळकरी मुलांचा वाटा. त्याच सुमारास चाळीसहून अधिक दुय्यम संघांची मुख्य संघांशी असलेली नाळ तोडली गेली. पहिल्या श्रेणीत खेळणारे महाविद्यालयीन संघच तीनशेच्या घरात, प्रत्येकात तीसहून अधिक खेळाडू. उरलेल्यांतल्या ज्यांना मैदान सोडवत नाही, ते सहायक होतात.

आणि इथेच मेख होती. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचा २०२३पर्यंत नियम असा होता, की बेसबॉल संघाला एक मुख्य प्रशिक्षक आणि दोन पगारी सहायक ठेवता येतील. तिसरा सहायक ‘स्वयंसेवक’. त्याला पगार नसे. विद्यापीठाला द्यायचा असला तरी देता येत नव्हता! काम मात्र पुरेपूर. जाळीआड उभे राहून फलंदाजांना शेकडो चेंडू टाकायचे, क्षेत्ररक्षणाच्या सरावासाठी टोले मारत राहायचे, पहिल्या बेसपाशी उभे राहून धावपटूला इशारे द्यायचे, रात्री व्हिडिओ चाळायचे. बिनपगारी फुल अधिकारी म्हणावे, तर अधिकारही अपुरा: नवे खेळाडू हेरायला त्याला आवाराबाहेर जाता येत नसे, आणि या धंद्यात बढती मिळते ती बहुधा त्याच कौशल्यावर. पोट चाले उन्हाळी शिबिरांवर आणि खासगी शिकवण्यांवर. ज्याच्या घरी थोडेफार आहे तोच टिके. गरीब घरातला हुशार मुलगा वर्ष-दोन वर्षांत दुसरी नोकरी धरे.

वर्षाला शंभर कोटी डॉलरहून अधिक मिळवणाऱ्या संस्थेचा हा काटकसरीचा सोस नवा नाही. १९९०च्या दशकात तिने सहायकांच्या एका वर्गाचे वेतन वर्षाला १६ हजार डॉलरवर गोठवले होते. प्रशिक्षक न्यायालयात गेले, नियम बेकायदा ठरला आणि १९९९मध्ये ५ कोटी ४५ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावे लागले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे ठेच ज्याला लागली तोच शहाणा झाला नाही. २०१९मध्ये बेसबॉलच्या स्वयंसेवकाला पगारी करण्याचा प्रस्ताव आला, तो फेटाळला गेला. नोव्हेंबर २०२२मध्ये माजी स्वयंसेवक प्रशिक्षकांनी दावा ठोकल्यावर मात्र चक्रे भराभर फिरली. दोन महिन्यांत ठराव झाला आणि १ जुलै २०२३पासून हे बिनपगारी पद रद्द झाले. दावाही अखेर सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरच्या तडजोडीवर आला.

हौसेला मोल नसते हे खरे, पण म्हणून मालकाने ती फुकट वापरावी असे कुठे आहे? ज्याची मेहनत संघाला लागते, त्याला रोजी मिळालीच पाहिजे. नव्या नियमाने पगाराची मुभा दिली आहे, सक्ती नाही. त्यामुळे पैसे द्यायचे की ‘अनुभव मिळेल’ म्हणून बोळवण करायची, हे प्रत्येक विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाच्या मर्जीवर आहे. कित्येक मोठ्या विद्यापीठांत खुद्द या संचालकांचे वेतन वर्षाला दहा लाख डॉलरच्या पुढे आहे.