नाव दिलेत, आता हातातले द्या

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा येतो आणि त्याच्याबरोबर एक ठरलेले छायाचित्रही येते. कुणी नट, कुणी क्रिकेटपटू, नाहीतर आमदार. हातात भरलेला संकल्पपत्राचा कागद, बाजूला पांढऱ्या कोटातले डॉक्टर, मागे डोळ्याचे मोठे चित्र. त्यावरची प्रतिक्रियाही ठरलेली असते: ‘सगळी नाटके आहेत.’ चहाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत हा सूर लावणारे लोक स्वतःला जागरूक समजतात. या लेखातले पहिले भांडण त्यांच्याशी आहे. दुसरे भांडण आहे ते छायाचित्र छापून आले की कार्य सिद्धीस गेले असे मानणाऱ्या संस्थांशी.

टीकाकारांचा पहिला आक्षेप हेतूवर असतो. मोठी माणसे दृष्टिहीनांसाठी पुढे येतात ती स्वतःची प्रतिमा उजळायला, असे ते म्हणतात. क्षणभर मान्य करू. पण म्हणून काय झाले? एल. व्ही. प्रसाद हे नाव जुन्या सिनेरसिकांना माहीत असते. मुंबईत सुरुवातीच्या काळात ‘आलम आरा’मध्ये छोटीशी भूमिका केलेला हा तेलुगू माणूस पुढे मोठा निर्माता झाला, ‘एक दूजे के लिए’ त्यांचाच. अमेरिकेतून परतलेले नेत्रतज्ज्ञ डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव हैदराबादेत नेत्रसंस्था काढू पाहत होते, तेव्हा प्रसाद यांनी बंजारा हिल्समधली पाच एकर जमीन आणि एक कोटी रुपये दिले. १९८७ साली तिथे उभ्या राहिलेल्या संस्थेला त्यांचेच नाव आहे. आज बुबुळ प्रत्यारोपणात ती जगातल्या अग्रगण्य संस्थांत मोजली जाते; पन्नास हजारांहून अधिक प्रत्यारोपणे तिथे झाली आहेत आणि निम्म्याहून अधिक रुग्णांकडून पैसे घेतले जात नाहीत. प्रसादांना दारावर आपले नाव हवे होते की नव्हते, याचा शोध घेत बसणाऱ्याने खुशाल बसावे. नाव लागले म्हणून त्या पाच एकरांतली वीतभर जमीन कमी झाली नाही. देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेणारा देणगीदार आपल्याला चालतो, मग रुग्णालयाच्या दारावरच आपली सोवळी दृष्टी का जागी होते?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि त्यातली माहिती खरी आहे. संकल्पपत्र भरले म्हणजे नेत्रदान झाले असे नाही. व्यवहारात केवळ त्या कागदावर डोळे घेतले जात नाहीत. माणूस गेल्यावर डोळे द्यायचे की नाही हे त्याचे जवळचे नातेवाईक ठरवतात आणि त्यांनी नाही म्हटले की संकल्पाचे कार्ड पाकिटातच राहते. मग नामवंतांच्या सांगण्यावरून भरलेल्या हजारो अर्जांचे करायचे काय, असे टीकाकार विचारतात.

इथे त्यांची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र साफ उलटा आहे. नेत्रदानाचा निर्णय कसा होतो ते जवळून पाहा. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, काढून घ्यावा लागतो. तोपर्यंत घरातल्यांनी पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवायचे, डोक्याखाली उशी द्यायची आणि नेत्रपेढीला फोन करायचा. पथक घरी येते, संमतिपत्रावर सही घेते, साक्षीदार लागतात, रक्ताचा नमुना घेतला जातो. पंधरा-वीस मिनिटांत काम होते, चेहऱ्यावर व्यंग दिसत नाही. वयाची अट नाही. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब यांचीही आडकाठी नाही. एचआयव्ही, काविळीचे काही प्रकार, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशी मोजकी कारणे सोडली तर कुणीही दाता होऊ शकतो. म्हणजे वैद्यकीय अडचण जवळपास नाहीच. अडचण आहे ती त्या सहा तासांत, रडारड चाललेल्या घरात, हा विषय तोंडातून काढणार कोण याची. एखाद्या भाच्याने धीर करून काढलाच, तर कोपऱ्यातून कुणी म्हणते, ‘पुढच्या जन्मी आंधळा जन्माला आला तर?’ आणि विषय तिथेच मिटतो.

या घटकेला माहितीपत्रक कामाला येत नाही. ‘अमक्यांच्या घरीसुद्धा केले होते’ हे वाक्य कामाला येते. नामवंतांचे बळ नेमके इथे आहे आणि त्याचा पुरावा कर्नाटकात आहे. कन्नड सिनेमाचे नट आणि कन्नड माणसाचे दैवत असलेले डॉ. राजकुमार यांनी १९९४ साली बंगळुरूच्या नारायण नेत्रालयात आपल्या नावाच्या नेत्रपेढीचे उद्घाटन करताना सगळ्या कुटुंबाच्या नेत्रदानाचा संकल्प केला. १२ एप्रिल २००६ रोजी ते गेले. शहर पेटले होते, अंत्यदर्शनाला लोटलेला जमाव आवरत नव्हता, दंगलीत माणसे मेली. त्या गोंधळातही घरच्यांनी बारा वर्षांपूर्वीचा शब्द पाळला. पुढे त्यांच्या पत्नी पार्वतम्मा यांचेही नेत्रदान झाले. आणि २९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांचा धाकटा मुलगा पुनीत अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला, तेव्हा त्याच दिवशी त्याचेही डोळे घेतले गेले. डॉक्टरांनी प्रत्येक कॉर्नियाचा पुढचा आणि मागचा थर वेगळा करून दोन डोळ्यांतून चार जणांना दृष्टी दिली. त्यानंतर कर्नाटकात संकल्पांचा पूर आला आणि प्रत्यक्ष नेत्रदानेही वाढली. ज्या घरावर लाखो लोकांचा जीव, त्या घराने ऐन दुःखात हे केले होते. मग आपल्या घरात विषय काढताना जीभ अडखळण्याचे कारण उरले नाही.

क्रिकेटमधले उदाहरण मन्सूर अली खान पतौडी यांचे. १९६१ साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात काचेचा तुकडा उजव्या डोळ्यात घुसला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कर्णधार झाले. सप्टेंबर २०११ मध्ये दिल्लीत ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे नेत्रदान झाले. एका डोळ्यावर आयुष्यभर खेळलेल्या माणसाच्या घरच्यांनी हे केले, यापेक्षा मोठी जाहिरात कुठली संस्था करणार?

म्हणून ‘संकल्प कागदावरच राहतात’ हा आक्षेप नामवंतांना बाजूला सारायला उपयोगी नाही. त्यातून उलट हे सिद्ध होते की त्यांची गरज अर्ज भरण्याच्या दिवशी कमी आणि त्यांच्या घरी दुःख येते त्या दिवशी जास्त असते.

तिसरा आक्षेप शिस्तीचा: अंधत्व निवारण हे सरकारचे काम आहे, नटनट्यांचे नव्हे. काम सरकारचे आहेच. १९७६ पासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या माणसांच्या अंधत्वात सुमारे दोन-तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा निघाला. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे, शल्यचिकित्सक आहेत, निधी आहे. तिथे सरकारने आपले काम चोख करावे आणि केले नाही तर त्याला धारेवर धरावे. पण पन्नाशीच्या आतल्या माणसांत अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण कॉर्नियाचे निघाले आणि कॉर्निया कारखान्यात बनत नाही. तो मेलेल्या माणसाच्या आप्तांच्या होकारातूनच मिळतो. होकार काही शासन निर्णय काढून मिळत नाही. जिथे सरकारचा हुकूम चालत नाही आणि समाजाच्या मनावरच सारे अवलंबून असते, तिथे समाज ज्याचे ऐकतो त्याला बोलावण्यात गैर काय?

चौथा आक्षेप टपरीवरच्या टवाळांचा नाही, तो स्वतः दृष्टिहीन असलेल्या लोकांचा आहे, म्हणून तो मान खाली घालून ऐकला पाहिजे. ते म्हणतात, तुमच्या या सोहळ्यांत आम्ही फक्त दयेचे निमित्त असतो. डोळ्यांवर पट्टी बांधून दोन मिनिटे चाललेला नट ‘आता मला तुमचे दुःख कळले’ म्हणतो आणि टाळ्या घेतो. शिवाय नेत्रदानाने प्रत्येक अंध व्यक्तीला दिसू लागेल अशी समजूत पसरते. ज्याचे दृष्टिपटल किंवा डोळ्यामागची नस गेली आहे, त्याला कुणाच्याही कॉर्नियाचा उपयोग नाही. त्याला हवे असते शिक्षण, नोकरी, चालता येईल असा फुटपाथ आणि वाचता येईल असे पुस्तक.

हे सगळे खरे आहे. पण याचे उत्तर नामवंतांना घरी बसवणे हे नाही. त्यांच्याकडून योग्य ते मागणे हे आहे. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या कामात विजय मर्चंट अनेक वर्षे राबले. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याआधी निवड समितीचे अध्यक्ष असलेल्या याच मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींचे कर्णधारपद गेले आणि ते अजित वाडेकरांकडे आले, हे मराठी क्रिकेटवेड्याला सांगायला नको. रेडिओवरून मर्चंट यांचा आवाज घराघरांत पोचलेला होता, त्यामुळे नुसता चेहरा दाखवून भागले असते. पण मर्चंट गिरणीमालकही होते आणि त्यांनी आपल्या गिरणीत अपंगांना काम दिले. हाती असलेली गोष्ट त्यांनी दिली. दया दाखवणाऱ्याला कुणी पगारपत्रक मागत नाही. मर्चंट यांनी पगारपत्रकावरच नावे चढवली.

याची उलट बाजूही पाहा. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला ‘पठाण’च्या निर्मात्यांना आदेश द्यावा लागला की ओटीटीवर येताना सिनेमाला दृष्टिहीनांसाठी श्राव्य वर्णनाची जोड द्या. संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय चालले आहे ते सांगणारा आवाज, एवढीच ती सोय. ती मागायला दृष्टिहीन आणि कर्णबधिर नागरिकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्याकडचा जो कुणी नट पंधरवड्यात पांढरी काठी हातात घेऊन छायाचित्र काढतो, त्याने करारावर सही करताना निर्मात्याला एवढे सांगितले की माझ्या सिनेमाला हे वर्णन हवे, तर त्या छायाचित्राच्या शंभरपट काम होईल. आणि त्याला खर्च किती? त्याच्या व्हॅनिटी व्हॅनच्या भाड्याशी तुलना केली तर निर्माताच लाजेल.

आता संस्थांकडे वळू. ‘मोठा चेहरा आणला की मोठे काम झाले’ ही त्यांची समजूत टीकाकारांच्या तुच्छतेइतकीच घातक आहे. आपल्या गावोगावच्या चौकातला फ्लेक्स आठवा: साहेबांच्या वाढदिवसानिमित्त भव्य मोफत नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर, वर साहेबांचा गॉगल घातलेला फोटो, खाली पन्नास कार्यकर्त्यांची तोंडे. शस्त्रक्रिया झालेल्या आजीला पुढचे काही आठवडे वेळच्या वेळी थेंब घालावे लागतात, फेरतपासणीला यावे लागते, नंतर चष्म्याचा नंबर काढून घ्यावा लागतो. त्या फेरतपासणीला गाडी कुणाची, तारीख कोणती, याची ओळ फ्लेक्सवर कधी असते का? साहेबांचा वाढदिवस एक दिवसाचा. आजीचा डोळा मात्र त्यानंतरच्या महिन्यात बरा व्हायचा असतो. शिबिर भरवू नका असे कुणी म्हणत नाही. साहेबांनी फोटोऐवजी महिनाभर आपली गाडी द्यावी, एवढेच म्हणणे आहे.

नामवंतांकडून कसे मागावे, हे शिकायचे तर हेलन केलरकडून शिकावे. त्या स्वतः दृष्टिहीन आणि बहिऱ्या होत्या, जगभर गाजलेल्या होत्या आणि अंधांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेचा त्या चार दशकांहून अधिक काळ चेहरा होत्या. १९२५ साली ओहायोत लायन्स क्लबच्या अधिवेशनापुढे त्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी टाळ्या घेऊन रजा घेतली नाही. अंधत्वाविरुद्धचे काम तुम्ही अंगावर घ्या, अशी थेट मागणी त्यांनी त्या व्यापारी-व्यावसायिक मंडळींपुढे ठेवली आणि लायन्सने ती पत्करली. आज आपल्याकडच्या अनेक शहरांत ‘लायन्स’ नावाची नेत्ररुग्णालये दिसतात, त्यांचे मूळ त्या मागणीत आहे. दया विकली जाते असा आक्षेप ज्यांचा आहे, त्यांनी हेही पाहावे की इथे मागणारी व्यक्ती स्वतःच दृष्टिहीन होती आणि तिने मागितले ते काम.

तेव्हा कसोटी एकच. नामवंताने नाव दिले, छान. पण जे फक्त त्याच्याच हातात आहे ते दिले का? निर्मात्याच्या हातात जमीन आणि पैसा होता, त्याने तो दिला. गिरणीमालकाच्या हातात नोकऱ्या होत्या, त्याने त्या दिल्या. राजकुमारांच्या घराकडे लोकांचे प्रेम होते, त्यांनी ते शोकाच्या दिवशी वापरले. नटाच्या हातात त्याचा सिनेमा आहे, मंत्र्याच्या हातात खाते आहे, आमदाराच्या हातात तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय आहे. नेत्रदानाचा विषय शोकाकुल नातेवाइकांपुढे हळुवारपणे काढणारा प्रशिक्षित समुपदेशक त्या रुग्णालयात नेमला गेला, तर आमदाराने स्वतः कार्ड भरले नाही तरी चालेल.

संस्थांनीही यापुढे पाहुण्याला निमंत्रण देताना सोबत एक कागद द्यावा: तुमच्याकडून आम्हाला हे हवे आहे आणि वर्षभराने आम्ही ते जाहीरपणे विचारणार आहोत. अशा कागदावर सही न करणारा पाहुणा आला नाही तर काहीही बिघडत नाही, आणि सही करून शब्द पाळणाऱ्याला नाटकी म्हणण्याचा अधिकार मग टपरीवरल्या कुणालाही राहत नाही.