साध्या दिवशीची भेट

उर्दूत म्हण आहे, ‘असल से सूद प्यारा’. मुद्दलापेक्षा व्याज लाडके, म्हणजे मुलांपेक्षा नातवंडांवर जीव जास्त. मराठी नातवंडांना दुधावरची साय म्हणते. मी दोन्ही भाषा शिकवते. वर्गात हसून सांगते की आपल्याकडे व्याज हराम, तेव्हा साय घ्या. पण विनोद सोडला तरी मराठी म्हणणे मला जास्त पटते. साय घाईने धरत नाही. दूध तापवून जरा शांत ठेवावे लागते.

आपण नातवंडांना भेटतो ते मात्र गडबडीत. ईद, लग्न नाहीतर अकीका. घर पाहुण्यांनी भरलेले, मुले नव्या कपड्यांत ईदी गोळा करण्यात दंग. नाना-नानींच्या वाट्याला एक सलाम आणि एक फोटो येतो. पंढरपुरात अडचण आणखी मोठी. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या. गावात लाखो वारकरी असताना लेकीने लहान मुले घेऊन माहेरी यायचे कसे?

तेव्हा आमच्या अम्मीने उलटा रस्ता धरला. कुठलाही सण नसताना ती पुण्याला, कोंढव्यात माझ्या बहिणीकडे जाऊन राहिली. आता दर दोन-तीन महिन्यांनी जाते. पिशवीत पंढरपूरचे चुरमुरे आणि बत्तासे. परत आली की सांगते काय? नवासीचा पुढचा दात हलतोय. नवासा बत्तासे आधी वेचून खातो आणि चुरमुरे नानीला ठेवतो. चंद्रभागा म्हणजे काय, असे त्याने विचारले, तेव्हा पोळ्या लाटता लाटता तिने कणकेची चंद्रकोर वळून दाखवली. भीमा आपल्या गावाजवळ अशी वळते, म्हणून ती चंद्रभागा. आता फोनवर तो नानीची तब्येत नंतर विचारतो, आधी नदीला पाणी आले का ते विचारतो.

ही लहानसहान बातमी आहे, पण आमच्या घरात सर्वांत मोलाची तीच आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) आपली नात उमामा हिला अंगावर घेऊन नमाज पढत. सजद्याला जाताना तिला खाली ठेवत, उभे राहताना पुन्हा उचलून घेत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हे आले आहे. आपण याकडे केवळ मायेची गोष्ट म्हणून पाहतो. मला त्यात आणखी एक दिसते. त्या मुलीसाठी वेगळा दिवस राखून ठेवला नव्हता. रोजच्या सर्वांत महत्त्वाच्या कामातच तिला जागा होती.

म्हणून दोन्ही पिढ्यांना माझे सांगणे आहे. आजी-आजोबांनी पोहोचल्या संध्याकाळीच परीक्षा घेऊ नये. सूरह पाठ आहे का, उर्दू वाचता येते का, मार्क किती पडले? परीक्षा घ्यायला आम्ही शिक्षक आहोत. तुम्ही फक्त मुलाशेजारी बसा. आणि लेकी-सुनांनो, नानी-दादीला सोफ्यावर पाहुणी करून बसवू नका. मूल जिथे अभ्यासाला बसते तिथेच तिला लसूण सोलायला द्या. हात कामात असले की गोष्टी आपोआप निघतात.

भाड्याची सबबही आता फारशी उरलेली नाही. २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. सबब उरते ती एकच, ‘ईदला भेटूच की.’ पण गुडघे ईदपर्यंत थांबत नाहीत आणि मुलाचा हलणारा दातही थांबत नाही. पुढच्या महिन्यातला एखादा साधा मंगळवार बघा आणि निघा.