चालकाच्या चुकीपाशी थांबणारा तपास

रस्त्यावर माणूस मेला की कारण आपल्याकडे आधीच ठरलेले असते: चालकाची चूक. बातमी तिथे संपते, पंचनामा तिथे संपतो आणि रस्ता सुरक्षा सप्ताहातली भाषणे तिथूनच सुरू होतात. २०२३ साली देशातल्या रस्त्यांवर १,७२,८९० माणसे मेली. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालात यांपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास मृत्यू ‘अतिवेग’ या एकाच रकान्यात बसवले आहेत. त्यावरून शहाणीसुरती माणसेही निष्कर्ष काढतात की आपले लोक बेशिस्त आहेत. त्यांना वळण लावा, दंड वाढवा, आणि पुढेमागे चालकाची गरजच न उरणारी गाडी आली की प्रश्न मिटेल. हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. तो नुसता चुकीचा असता तर वाद घालण्यात अर्थ नव्हता, पण त्याच्यामुळे माणसे मरत राहतात.

आधी तो रकाना भरतो कोण, ते पाहू. अपघातानंतर पोलीस पोचतात तेव्हा गाड्या थांबलेल्या असतात, जखमींना हलवलेले असते, मागे वाहतूक तुंबलेली असते. वेग मोजायला त्यांच्या हाती साधन नसते. शिवाय कायद्याने त्यांच्यावर सोपवलेले काम वेगळे आहे: निष्काळजीपणा कोणाचा, हे ठरवून त्या व्यक्तीवर गुन्हा नोंदवणे. वळणाच्या त्रिज्येवर किंवा कठड्याच्या उघड्या टोकावर गुन्हा नोंदवता येत नाही. तेव्हा तपासाचा प्रश्न ‘कोणी केले?’ एवढाच राहतो आणि उत्तरही त्याच मापाचे येते. यात पोलिसांचा दोष नाही. फौजदारी तपासातून निघालेल्या उत्तराला आपण शास्त्रीय निदान समजतो, ही चूक आपली आहे.

हा समज एकट्या भारताचा नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ साली एक टिपण काढले. ९४ टक्के अपघातांत ‘निर्णायक कारण’ चालकाकडे जाते, असे त्यात म्हटले होते. त्याच टिपणात बजावलेही होते की निर्णायक कारण म्हणजे घटनाक्रमातला शेवटचा दुवा. त्याला अपघाताचे कारण मानू नये. हे बजावणे गळून पडले आणि ९४ चा आकडा जगभर फिरला. चालकविरहित गाड्यांचा पुरस्कार करणाऱ्यांना तो फार सोयीचा होता. अखेर २०२२ च्या सुरुवातीला तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षा जेनिफर होमेंडी यांनी त्यावर जाहीर टीका केली आणि सरकारी संकेतस्थळावरून तो आकडा हटला. आपल्याकडच्या भाषणांतून तो अजून हटलेला नाही.

आता पुण्याचा नवले पूल घ्या. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की पुलापर्यंत सलग उतार लागतो. माल भरलेला ट्रक इथे येतो, डिझेल वाचवायला चालक गाडी न्यूट्रलवर टाकतो, मग सगळा भार ब्रेकवर पडतो, लायनर तापतात आणि खाली शहराची गर्दी समोर येते तेव्हा पाय दाबूनही गाडी थांबत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अशाच एका ट्रकने इथे डझनावारी गाड्या चिरडल्या. त्याच्या आधीही असे अपघात झाले होते आणि नंतरही झाले. दर वेळी चालकावर गुन्हा दाखल होतो, आणि गाडी न्यूट्रलवर टाकणे हा गुन्हाच आहे, हे मलाही मान्य. पण चालक दर वेळी निराळा असतो, ट्रक निराळा, मालक निराळा, गाडीचे पासिंग निराळ्या राज्याचे. कायम असतो तो उतार. माणसे बदलूनही घटना तीच राहत असेल तर दोषाचा मोठा वाटा जागेकडे जातो, हे मान्य करायला आणखी किती पुरावा हवा?

आणि जागेवर उपाय असतो. लांब उताराच्या कडेने खडीचा खोल थर भरलेला फाटा काढतात. ब्रेक गेलेला ट्रक त्यात शिरतो, रुततो आणि थांबतो. डोंगराळ देशांत हा जुना उपाय आहे. इंजिनाच्याच जोरावर वेग धरून ठेवणारी यंत्रणा अवजड गाड्यांत बसवता येते. उताराच्या आधी ट्रक सक्तीने थांबवून ब्रेक थंड होऊ देता येतात. यातल्या कशालाच चालक सद्गुणी असण्याची अट नाही.

आपल्या व्यवस्थेत ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या काय आहे, हे वाचकांना ठाऊक असायला हवे. महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसे मेली, तर ती जागा यादीत येते. म्हणजे जागा धोक्याची आहे हे सिद्ध करायला आधी माणसे मरावी लागतात. पूल बांधताना तो पडण्याची वाट पाहून त्याची ताकद ठरवणारा अभियंता आपण एक दिवसही नोकरीत ठेवणार नाही. रस्त्याच्या बाबतीत मात्र हाच नियम आपण लेखी मान्य केला आहे.

‘हे सगळे श्रीमंत देशांना जमते,’ हा ठरलेला आक्षेप. त्याला उत्तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच आहे. २०१६ साली या सुमारे ९५ किलोमीटरच्या रस्त्यावर १५१ माणसे मेली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा यांनी मिळून इथे शून्य मृत्यूचा प्रकल्प हाती घेतला. अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास झाला. रस्त्याकडेचे पुलांचे खांब आणि काँक्रीटची उघडी टोके धातूच्या कठड्यांआड घेतली गेली, खुणा आणि पट्टे सुधारले, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांकडे लक्ष दिले गेले. जोडीला पोलिसांची कारवाई आणि जखमींना लवकर मदत. २०१९ मध्ये मृत्यू ९२ वर आले, म्हणजे सुमारे ३९ टक्क्यांनी कमी. २०२० चा ६६ हा आकडा मी युक्तिवादात घेत नाही, कारण ते टाळेबंदीचे वर्ष होते. आता सांगा, २०१६ ते २०१९ या तीन वर्षांत मुंबई-पुण्याच्या चालकांचा स्वभाव बदलला का? बदलला तो रस्ता आणि त्याची देखरेख.

कोणी म्हणेल, मग शिस्त नकोच का? हवी, आणि दंडही हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता ४ टक्क्यांनी वाढते. वेगावर अंकुश हवाच. पण वेग एकट्या चालकाच्या मनातून येत नाही. गावातून सहा पदरी, सरळ, मोकळा रस्ता न्यायचा आणि त्यावर ४० चा फलक लावायचा, तर रस्ता एक सांगतो आणि फलक दुसरे. माणसाचा पाय रस्त्याचे ऐकतो. गावाच्या तोंडाशी रस्ता अरुंद करणे, पायी ओलांडण्याची जागा उंचावणे, चौकात वर्तुळ करणे, हे सगळे वेग उतरवणारे उपाय आहेत आणि ते रात्री दोन वाजताही काम करतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मृत्युमुखी पडले. दोघे मागच्या सीटवर होते, बेल्ट लावलेले नव्हते. पुढचे दोघे वाचले. त्यानंतर देशभर मागच्या बेल्टची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण तीन पदरी रस्ता त्या पुलापाशी दोन पदरी होतो आणि कठडा गाड्यांच्या वाटेत येतो, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. बेल्ट लावणे प्रवाशाच्या हातात होते. कठडा कोणाच्या हातात होता?

हा प्रश्न विचारायला जगाला शिकवले ते संशोधकांनी. विल्यम हॅडन हे मुळात सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर. १९६६ साली अमेरिकेच्या नव्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेचे ते पहिले प्रमुख झाले. अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर, अशा तिन्ही वेळी माणूस, वाहन आणि परिसर यांचे काय होते, असा चौकटीचा तक्ता त्यांनी मांडला. चालकाची चूक त्या तक्त्यातला एकच चौकोन. बाकीचे चौकोन अभियंत्याचे, डॉक्टरचे, शासनाचे. हॅडन यांनी पुढे चालवलेल्या संस्थेत काही काळ काम करून आलेले दिनेश मोहन यांनी दिल्लीच्या आयआयटीत हीच दृष्टी आयुष्यभर भारताला लावून पाहिली. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘शून्य मृत्यू’चे धोरण स्वीकारले त्याचे सूत्रही हेच: माणूस चुकणार हे धरून चला आणि त्या चुकीची शिक्षा मरण नसेल असा रस्ता बांधा. तिथे जुन्या रुंद दुपदरी रस्त्यांच्या मधोमध नुसता पोलादी तारांचा कठडा घातला आणि अशा रस्त्यांवरचे मृत्यू निम्म्याहून खूप खाली आले. नवा महामार्ग बांधावा लागला नाही.

हवेच्या बाबतीत आपण हेच केले आहे, हे आपल्या लक्षात येत नाही, याचे मला नवल वाटते. पेट्रोलमधले शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते हे कळल्यावर ‘गाडी जपून चालवा’ असे कोणी सांगितले नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे शुद्धीकरण कारखान्यातच काढले गेले. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ४ वरून मधली पायरी गाळून आपण थेट ६ वर गेलो आणि इंधनातले गंधकाचे प्रमाण दशलक्षांशी ५० भागांवरून १० वर आले. कंपन्यांनी वेळ मागितला, खर्चाचा हवाला दिला, आणि तरी ते झाले. धुरासाठी उगमापाशी जायचे हे आपण शिकलो. धडकेसाठी मात्र अजून प्रवचन पुरेसे मानतो.

इलेक्ट्रिक गाडी आली की दोन्ही प्रश्न सुटतील, हा दुसरा भ्रम. शहरातला धूर तिने कमी होतो, याबद्दल मला शंका नाही. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी ‘शिवाई’ ही तिची इलेक्ट्रिक गाडी सुरू झाली, तेव्हा मलाही आनंद झाला. पण ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात एक इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि किमान सात माणसे मेली. चालकाचा अनुभव गिअरच्या बसचा होता आणि या स्वयंचलित बसचे प्रशिक्षण अगदी थोड्या दिवसांचे, असे तपासात पुढे आले. गाडीत दोष नव्हता, चूक माणसाची, असे सांगितले गेले आणि चालकाला अटक झाली. क्लच नाही, गिअर नाही, दाबताक्षणी जोर देणारी मोटर. वर्षानुवर्षे दुसऱ्या यंत्राची सवय झालेला पाय तिथे कसा वागतो, हा संशोधनाचा विषय आहे. बॅटरीवर कोट्यवधी खर्च करणाऱ्या देशाने चालकाला नव्या बसवर बसवण्याआधी सराव-यंत्रावर किती तास बसवायचे, हे अभ्यासून ठरवायला नको?

बसबद्दल आणखी एक सांगायचे आहे. २०२३ च्या मृतांत ७७,५३९ दुचाकीस्वार आणि ३५,२२१ पादचारी होते. दोघे मिळून सुमारे ६५ टक्के. बसमध्ये बसून मरणाऱ्यांचा वाटा त्यापुढे अगदी थोडा. बस मिळत नाही म्हणून मुलगा कर्जाने दुचाकी घेतो, तेव्हा हवा आणि जीव दोन्ही धोक्यात जातात. त्याला वेळेवर येणारी बस देणे हा स्वच्छतेचा आणि सुरक्षिततेचा एकच उपाय आहे, आणि तरी ‘नवे तंत्रज्ञान’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटारच येते. धडक चाचणीत मोटारीला मिळणारे तारे हवेतच. पण ते मुख्यतः आत बसलेल्यांसाठी असतात. आपले बहुतेक मृत बाहेर असतात.

म्हणून स्वीडनची नक्कलही पुरणार नाही. तिथला तारांचा कठडा मोटारीला सावरतो. घसरत आलेल्या दुचाकीस्वाराचे त्यावर काय होते, हे आपल्यालाच तपासावे लागेल. लहान दुचाकींना चाक न अडकू देणारा ब्रेक, उन्हात डोक्यावर राहील असे हेल्मेट, ट्रकखाली दुचाकी शिरू न देणारी आडवी पट्टी: हे प्रश्न आपले आहेत आणि त्यांची उत्तरे आयात होणार नाहीत.

यासाठी पहिली गरज स्वतंत्र तपास यंत्रणेची आहे. रेल्वे अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, कारण स्वतःच्या चुकीचा निवाडा स्वतः करू नये. रस्त्यावर रेल्वेच्या कित्येक पट माणसे मरतात आणि तिथे असे कोणी नाही. पुण्यात वाहन चाचणीची एआरएआय आहे, भोसरीला रस्ते परिवहनाची केंद्रीय संस्था आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि मोठी रुग्णालये आहेत. राज्याने इथेच अशी यंत्रणा उभारावी. तिचा पोलीस खटल्याशी संबंध नसावा आणि तिचे अहवाल महिन्याभरात लोकांपुढे यावेत. अहवालात चालकाने काय केले हे असेलच. त्याच पानावर रस्त्याची रचना कोणी मंजूर केली, कठडा कोणत्या मानकाने बसवला आणि आधीची तक्रार कोणत्या टेबलावर पडून होती, हेही असावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले आहे. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत मानके न पाळणाऱ्या यंत्रणेला आणि कंत्राटदाराला त्यानुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ते कलम वापरायला लागणारा पुरावा हीच यंत्रणा देऊ शकेल.