घर घेण्याआधी पाण्याची वाट विचारा

आपल्या समाजातील व्यापारी आणि कारागीर बचत कोठे ठेवतात, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे: सोन्यात आणि घरात. व्याज नको, शेअर बाजाराचा भरोसा नाही, म्हणून चार पैसे जमले की आपला माणूस फ्लॅट किंवा दुकानाचा गाळा घेतो. गेल्या काही वर्षांत हा पैसा मुंबई, मुंब्रा, मीरा रोड, भिवंडी येथून उत्तरेकडे सरकत डहाणूपर्यंत आला आहे. डहाणू शहरातील मसोलीचे नाव आता मालमत्तेच्या दलालांच्या तोंडी नेहमी असते. या लेखात आम्हाला त्या पैशाबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत.

डहाणूकडे ओढा का वाढला, याची कारणे उघड आहेत. २०१३ साली लोकल गाडी डहाणू रोडपर्यंत आली. २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, आणि सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाच्या नावावर जमीन व फ्लॅट विकणारे गावोगाव फिरू लागले. बंदर हवे की नको, यावर मच्छीमार बांधवांचे आणि इतरांचे मोठे मतभेद आहेत. त्या वादात आम्ही येथे पडत नाही. आमचा प्रश्न लहान आहे: जो प्लॉट तुम्हाला दाखवला जातो, तेथे पावसाळ्यात पाणी कोठून येते आणि कोठे जाते?

डहाणूची जागा समजून घ्या. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र, मध्ये अरुंद पट्टी. डोंगरावर पडलेला पाऊस ओहोळ-नाल्यांतून खाडीकडे धावतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती त्याच वेळी असेल, तर समुद्र हे पाणी घेत नाही आणि ते मागे पसरते. पूर्वी ते भातखाचरात, खाजणात आणि वाड्यांत चार-सहा तास थांबे आणि ओहोटी लागली की निघून जाई. ही मोकळी जमीन म्हणजे पाण्याचे गोदाम होते. आता ज्या सखल जागेवर मुरूम टाकून भराव होतो आणि इमारत उभी राहते, त्या जागेवरचे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याकडे जाते.

हे सर्व नवे नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. आपल्यापैकी अनेकांनी याकडे धंद्यातील अडथळा म्हणूनच पाहिले. पण येथे माती, पाणी आणि बांधकाम यांचा तोल लवकर बिघडतो, ही सूचना त्यात होती. घर घेणाऱ्याने ती स्वतःच्या फायद्यासाठी वाचायला हवी.

पुराने घरमालकाचे काय होते, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार भागात रुळांवर पाणी आले, गाड्या थांबल्या, वीज उपकेंद्रांत पाणी शिरल्याने वसाहती अंधारात राहिल्या. चौथ्या मजल्यावरच्या माणसाच्या घरात पाणी शिरत नाही हे खरे. पण मीटरची खोली, पंप, लिफ्टचा खड्डा, जमिनीखालची टाकी हे सर्व तळाशी असते. टाकीत गटाराचे पाणी मिसळले की सगळी इमारत तहानलेली. त्याचा खर्च सोसायटीच्या सर्व सभासदांवर वाटून येतो.

चिपळूणचे उदाहरण व्यापाऱ्यांनी विसरू नये. २००५ च्या पुराची खूण तेथील दुकानदारांना पाठ होती. अनेकांनी माल त्या खुणेच्या वर ठेवला होता. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी त्या खुणेलाही मागे टाकून गेले आणि भरलेली बाजारपेठ बुडाली. आम्ही कापडाचे व्यापारी, ओल्या मालाची गत आम्हाला ठाऊक आहे. भिजलेला तागा वाळवला तरी रंग फुटतो, वास जात नाही, आणि शेवटी तो किलोच्या भावाने जातो. पण कापडाचे नुकसान दोन हंगामांत भरून निघते. घराचे तसे नाही. चिपळुणात पुरानंतर निळ्या आणि लाल पूररेषांचा प्रश्न उभा राहिला. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शहराचा मोठा भाग या रेषांच्या आत आला, बांधकामाच्या परवानगीची चिंता लागली आणि लोकांना आंदोलन करावे लागले. पाणी एका दिवसात ओसरले, पण कागदावरची रेषा मालमत्तेवर राहिली.

आता गुंतवणूकदाराचा हिशोब पाहू. आपल्याकडे पुष्कळ जण फ्लॅट घेऊन हेवी डिपॉझिटवर देतात. भाडेकरू एकरकमी ठेव देतो, मालक ती रक्कम धंद्यात फिरवतो. पाणी शिरले की भाडेकरू पहिली गोष्ट मागतो ती ठेव. ती तर सुताच्या किंवा कापडाच्या मालात अडकलेली असते. म्हणजे घरही ओले आणि दुकानही अडचणीत. विकायला जावे तर खरीदार नाही, कारण गुडघाभर पाण्याची चित्रे मोबाईलवर गावभर फिरलेली असतात.

काही बांधव म्हणतात, वर्षातून दोन दिवस पाणी येते, भाव तर वाढतच आहेत. आमचे उत्तर असे की विकेपर्यंत भाव कागदावरच असतो. मुलीच्या लग्नाला, आजारपणाला किंवा मंदीत पैसा लागतो तेव्हा त्याच महिन्यात विकावे लागते. तो महिना पावसाळ्याचा असेल तर दलालाने सांगितलेला भाव कोणी देत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, बँकेचे कर्ज घेणाऱ्यासाठी बँकेचा वकील कागद पाहतो, तिचा माणूस इमारत पाहतो, आणि बहुधा विमाही घ्यायला लावतात. आपला माणूस व्याज टाळण्यासाठी बिल्डरला थेट हप्ते देतो. हेतू चांगला, पण मग ही तपासणी कोणीच करत नाही. जो बँकेकडे जात नाही, त्याने ती दुप्पट काळजीने स्वतः केली पाहिजे.

ती कशी करावी? व्यवहार उन्हाळ्यात ठरतो, पण जागा पावसाळ्यात पाहावी. भरतीचे कोष्टक वर्षभर आधी मिळते. जुलै-ऑगस्टमधील उधाणाच्या दिवशी मसोलीत जाऊन रस्ता, मोरी आणि नाला डोळ्यांनी पाहावा. बिल्डरला विचारण्यापूर्वी जुन्या रहिवाशांना, किराणा दुकानदाराला, रिक्षावाल्याला विचारावे. त्यांच्या भिंतीवरची ओल खोटे बोलत नाही. जोते रस्त्यापेक्षा किती उंच आहे, मीटर आणि पंप कोठे बसवणार, भराव किती टाकला, हे लेखी घ्यावे. बिगरशेती परवाना आणि मंजूर नकाशा पाहावा. प्रकल्प महारेरात नोंदलेला आहे का, हे तपासावे. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या लहान इमारतींना ही नोंदणी सक्तीची नाही, आणि लहान गावात अशाच इमारती जास्त असतात. तेथे सावधगिरी आपली आपणच बाळगायची.

विम्याबाबत थोडे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि पाच कोटींपर्यंतच्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ अशा ठरावीक पॉलिसी आहेत. पुराचे नुकसान त्यांत धरलेले आहे. घराच्या पॉलिसीत जमिनीची किंमत नसते, फक्त बांधकामाचा खर्च असतो, म्हणून हप्ता समजतो त्यापेक्षा कमी असतो. ज्यांच्या मनात विम्याबद्दल शरीअतचा प्रश्न आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. उत्तर नको असे आले, तर तेवढी रक्कम दरवर्षी बाजूला काढावी, किंवा सोसायटीने मिळून पावसाळ्याचा निधी ठेवावा. विमाही नाही आणि निधीही नाही, हे मात्र तवक्कुल नव्हे, ती बेपर्वाई आहे. सरकारी मदतीवर हिशोब बांधू नये. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने कुटुंबामागे १० हजार रुपये आणि दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार रुपये जाहीर केले. या रकमेत चूल पुन्हा पेटते, बुडालेली गुंतवणूक परत येत नाही.

शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. भराव टाकून उंच केलेल्या आपल्या इमारतीचे पाणी ज्याच्या अंगणात जाते, तो कोण? बहुतेक वेळा तो जुन्या कौलारू घरातला गरीब माणूस असतो: आदिवासी, मच्छीमार, कधी आपलाच एखादा कारागीर. त्याने काही विकत घेतले नाही, त्याला भाववाढीचा एक पैसा मिळणार नाही, पण पूर त्याच्या घरात जातो. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकतो. तो हक्क फ्लॅटच्या करारनाम्याच्या वेळी विसरायचा नसतो. ज्या बिल्डरने नाला बुजवला त्याला हप्ता देणे म्हणजे नाला बुजवण्यात भागीदार होणे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून मसोलीत किंवा कोठेही घर घेणाऱ्या व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे. पाच-दहा खरीदारांनी मिळून बिल्डरकडे जावे आणि सांगावे की आधी पाण्याची वाट मोकळी ठेवा, मोरी रुंद करा, मग पुढचा हप्ता. नगरपरिषदेला लेखी अर्ज द्यावा की नालेसफाई मे महिन्यात पुरी व्हावी, आणि त्या अर्जावर जुन्या रहिवाशांच्याही सह्या घ्याव्यात. एकट्याचे कोणी ऐकत नाही. पण हप्ते थांबवणाऱ्या दहा गिऱ्हाइकांचे बिल्डरला ऐकावे लागते. आपल्या हातात पैसा आहे तोवरच आपल्या बोलण्याला वजन आहे. चाव्या घेतल्यावर ते उरत नाही.